छताचं आभाळ

आषाढातल्या एखाद्या दुपारी, ढग गच्च दाटून आलेले असताना, अंगणात उभं राहून स्वतःची सावली शोधून पाहावी. ती सापडत नाही. उजेड तर भरपूर असतो. वर्तमानपत्रातली बारीक अक्षरं वाचता येतात, सुईत दोरा ओवता येतो. पण सावली पायाशी नसते, कुंडीमागे नसते, जमिनीपासून वीतभर वर धरलेल्या हाताखालीसुद्धा जेमतेम एक फिकट करडा डाग दिसतो.

आता मे महिना आठवा. महाराष्ट्रात त्या महिन्यात गावोगावी, ज्याच्या त्याच्या अक्षांशाप्रमाणे, शून्य सावली दिवस येतो. सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. हौशी आकाशनिरीक्षक बाटल्या, डबे, खांब यांचे फोटो काढतात. पण त्याच क्षणी एखाद्या टेबलाखाली वाकून पाहा. सावली तिथे आहे, काळीभोर आणि धारदार कडांची. ती गेलेली नसते, वस्तूच्या बरोबर खाली जाऊन बसलेली असते. असाच दुसरा दिवस जुलै-ऑगस्टच्या सुमाराला पुन्हा येतो, आणि तो बहुधा ढगांत हरवून जातो.

मे महिन्यात उजेड एका जागेहून येतो, आषाढात तो सगळ्या आभाळातून येतो. घरच्या वर्कशॉपमध्ये दिवे कुठे आणि किती लावायचे, हा प्रश्न मुळात एवढाच आहे: आपल्या डोक्यावर मे महिन्याची दुपार हवी की आषाढाची?

एक मोठी शेड डोळ्यांसमोर आणू. बंगल्याच्या मागच्या बाजूची, 9 मीटर लांब, 6 मीटर रुंद, म्हणजे साधारण 30 फूट बाय 20 फूट. उंची सव्वातीन मीटर. शटर उघडलं की एका कडेला गाडी उभी राहते. उरलेल्या जागेत लांब भिंतीला लागून बेंच, त्यावर व्हाइस, पलीकडे ड्रिल मशीन, ग्राइंडर, छोटा लेथ, लाकूडकामाची करवत. अशा शेडमध्ये बहुतेक वेळा छताच्या मध्यावर एक झगझगीत दिवा नाही तर दोन ट्यूबलाइट असतात. दारातून आत पाहिलं तर जागा उजळलेली वाटते. मग माणूस व्हाइसवर वाकून कानस चालवू लागतो आणि त्याच्याच डोक्याची सावली नेमकी कानशीच्या टोकावर पडते. ही शून्य सावलीची दुपार झाली. उजेड आहे, पण हवा तिथे नाही.

दोन वर्ग एकमेकांना खाऊन टाकतात

केप्लरने 1604 साली एक नियम मांडला. बिंदूएवढ्या दिव्यापासून दुप्पट अंतरावर गेलं की प्रकाश निम्मा नव्हे, चौथाई होतो. तिप्पट अंतरावर नववा हिस्सा. प्रकाश तेवढाच असतो, पण पसरायला क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाने वाढतं.

हा नियम बहुतेकांनी शाळेत पाठ केलेला असतो. पण तो फक्त बिंदूचा नियम आहे. दिवा बिंदू न राहता लांबलचक रेषा झाला आणि आपण त्या रेषेच्या लांबीच्या मानाने जवळ असलो, तर दुप्पट अंतरावर प्रकाश चौथाई न होता निम्माच होतो. आणि रेषेचीही मर्यादा ओलांडून सगळं छतच उजळलं तर? तेव्हा जे घडतं ते मला आजही थक्क करतं. अमर्याद पसरलेल्या उजळ छतापासून कितीही दूर गेलात तरी प्रकाश कमी होतच नाही.

असं का व्हावं? डोक्यावरच्या छताचा एक ठरावीक कोनातला तुकडा नजरेत धरा. आपण खाली सरकलो की छताच्या प्रत्येक चौरस इंचाकडून येणारा प्रकाश अंतराच्या वर्गाने घटतो. पण त्याच कोनात आता छताचा जास्त भाग मावतो, आणि तोही अंतराच्या वर्गानेच वाढतो. एक वर्ग घटवतो, दुसरा वर्ग वाढवतो, हिशेब बरोबर सुटतो. ढगाळ आभाळाखाली गच्चीवर उभं राहिलं काय आणि मोकळ्या मैदानात उतरलं काय, उजेड सारखाच वाटतो तो यामुळे.

आपली शेड अमर्याद नाही, तरी फायदा केवढा मिळतो पाहा. दिवे जमिनीपासून 3 मीटरवर आहेत. बेंच 90 सेंटिमीटर उंच आहे, म्हणजे दिव्यांपासून 2.1 मीटर खाली. एकच बिंदूसारखा दिवा असेल तर त्याच्या बरोबर खाली बेंचच्या उंचीवर जेवढा प्रकाश मिळतो, त्याच्या निम्माच जमिनीवर पोचतो. पण सगळं छत एकसारखं उजळलं आहे असं धरून शेडच्या मध्यावरचा हिशेब केला, तर जमिनीपर्यंत जाताना उजेड जेमतेम एक पंचमांशाने घटतो. बेंचवरून निसटून खाली गेलेला स्क्रू गाडीच्या चाकामागे सापडतो की नाही, ते या फरकावर ठरतं.

मुंबईच्या गिरणगावातल्या विणकाम शेड बांधणाऱ्यांना ही गोष्ट नीट कळलेली होती. करवतीच्या दातांसारखी ती छपरं, आणि प्रत्येक दाताची उत्तरेकडे तोंड केलेली काचेची बाजू. दक्षिणेकडचं ऊन पत्र्यावर अडायचं, उत्तरेकडच्या आभाळाचा पसरट उजेड मागांवर उतरायचा. हजारो धाग्यांतला तुटलेला एक धागा दिसायचा असेल तर सूर्यापेक्षा आभाळ कामाचं. आज आपल्याकडे एलईडी आहे. त्यामुळे रात्री नऊ वाजताही उत्तरेकडचं आभाळ छताला लावता येतं.

आभाळाचं मोजमाप

एकूण प्रकाश लुमेनमध्ये मोजतात, आणि एखाद्या पृष्ठभागावर पडलेला प्रकाश लक्समध्ये. ढगातून एकूण पाणी किती कोसळलं हे लुमेन, आणि शेतातल्या पर्जन्यमापकात किती मिलिमीटर साठलं हे लक्स. एका चौरस मीटरवर एक लुमेन पडला की एक लक्स. दिव्याच्या खोक्यावर लुमेन छापलेले असतात, डोळ्याला मात्र लक्सशी देणंघेणं असतं.

भर उन्हात जमिनीवर सुमारे 1 लाख लक्स असतात. ढगाळ दिवशी 10 हजारांच्या आसपास. पौर्णिमेच्या चांदण्यात एका लक्सचाही छोटा अंश. संध्याकाळी घरातल्या बैठकीत शंभर-दीडशे. या सगळ्या प्रकाशात आपण वावरतो आणि आपल्याला फारसा फरक जाणवत नाही, ही डोळ्याची करामत आहे. डोळा प्रमाण ओळखतो, आकडा ओळखत नाही. म्हणूनच अंदाजाने दिवे लावलेल्या वर्कशॉपमध्ये 100 लक्सवर माणसं वर्षानुवर्षं काम करतात आणि डोकं का दुखतं ते त्यांना कळत नाही.

इमारतींच्या आतल्या प्रकाशासाठी भारतीय मानक आहे, आयएस 3646. साध्या बेंचकामापासून बारीक यंत्रकामापर्यंत ते जे पल्ले सुचवतं, ते ढोबळमानाने 300 लक्सपासून 750 लक्स आणि त्यापुढे जातात. घरच्या शेडमध्ये सुतारकामही होतं आणि कधी लेथवर बारीक कामही. सर्वसाधारण उजेड 500 लक्स धरावा.

आता गुणाकार. शेडचं क्षेत्रफळ 54 चौरस मीटर. 500 गुणिले 54, म्हणजे 27,000 लुमेन बेंचच्या पातळीवर पोचायला हवेत. पण दिव्यातून निघालेला सगळा प्रकाश तिथे पोचत नाही. काही भिंतींत, काही छतात, काही कपाटांवर जिरतो. भिंती फिकट असतील तर साधारण 65 टक्के पोचतो असं धरू. शिवाय धूळ बसते आणि वर्षांगणिक दिवा मंदावतो, त्यासाठी 80 टक्के धरू. 27,000 ला आधी 0.65 ने आणि मग 0.8 ने भागलं की सुमारे 52,000 लुमेन येतात.

चार फुटी, 20 वॉटचा चांगला एलईडी बॅटन, म्हणजे ट्यूबलाइटसारखी एलईडीची पट्टी, 2,000 लुमेन देतो. म्हणजे 26 बॅटन. आता हे 26 छतावर मांडायला घेतले की एक सुंदर योगायोग समोर येतो. चार फूट म्हणजे 1.2 मीटर. सात बॅटन एकापुढे एक लावले तर 8.4 मीटर होतात, आणि शेड 9 मीटर लांब आहे. दोन्ही टोकांना फक्त फूट-फूट जागा उरते. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड उजळ रेषा. अशा चार रेषा, एकूण 28 बॅटन. रुंदी 6 मीटर, त्यामुळे दोन रेषांमधलं अंतर दीड मीटर, आणि कडेची रेषा भिंतीपासून पाऊण मीटर. बेंचवर सरासरी 540 लक्सच्या आसपास मिळतात. बिंदू जोडून रेषा झाली, रेषा शेजारी मांडून छत झालं.

भिंतीजवळ निम्मंच अंतर का, यालाही कारण आहे. शेडच्या मध्यावर उभ्या माणसाला चारी दिशांचं छत दिसतं. भिंतीला खेटून उभ्या माणसाचं अर्धं आभाळ भिंतीने खाल्लेलं असतं. बेंच तर नेमका भिंतीलाच असतो. म्हणून कडेच्या रेषा भिंतीकडे ओढायच्या. आणि पाऊण मीटर ही जागा आणखी एका कारणाने अचूक बसते. बेंच साधारण 60 ते 70 सेंटिमीटर रुंद असतो. दिव्याची रेषा त्याच्या पुढच्या काठावर येते आणि काम करणाऱ्याचं डोकं त्या रेषेच्या मागे राहतं. सावली पाठीमागे जाते, उजेड हातावर पडतो.

या 28 बॅटनांना मिळून वीज लागते 560 वॉट. रोज तीन तास काम केलं तर महिन्याला साधारण 50 युनिट. हाच प्रकाश जुन्या 60 वॉटच्या पिवळ्या बल्बांतून काढायचा झाला तर 80 बल्ब आणि जवळजवळ 5 किलोवॉट लागले असते. मेणबत्त्या लावायच्या तर साडेचार हजारांच्या आसपास.

चुन्याची ताकद

दिवे विकत घ्यायच्या आधी एक काम करावं. शेडला आतून पांढरा रंग द्यावा.

प्रयोगशाळेत दिव्याचे लुमेन मोजायला आतून शुभ्र लेप दिलेला पोकळ गोल वापरतात. आत पेटवलेल्या दिव्याचा प्रकाश भिंतीवर आपटतो, परततो, पुन्हा आपटतो. भिंत दर खेपेला 80 टक्के प्रकाश परत फेकत असेल तर पहिल्या 1 मध्ये 0.8 मिळतात, मग 0.64, मग 0.51, आणि ही बेरीज जाऊन थांबते 5 वर. भिंतीवरचा उजेड पाचपट होतो. भिंत 50 टक्के परत फेकत असेल तर बेरीज 2. काळपट भिंत 20 टक्केच फेकत असेल तर जेमतेम सव्वा. दिवा तोच, वीज तीच.

खोलीत गोलाइतका फायदा होत नाही. जमीन गडद असते, कपाटं असतात, गाडी असते, रात्री उघड्या शटरमधून बराच उजेड बाहेर निघून जातो. तरीही दिशा हीच. ग्रीस लागलेल्या सिमेंटच्या भिंतीला दोन हात पांढरा रंग दिला की काही बॅटनांचं काम फुकटात होतं. शिवाय हा परतलेला प्रकाश चारी बाजूंनी येतो. मशिनच्या पोटाखाली, बेंचच्या खणात, बॉनेटच्या आतल्या कोपऱ्यात जिथे छतावरचा एकही दिवा सरळ पाहू शकत नाही, तिथे तो पोचतो. भिंतीने खाल्लेलं अर्धं आभाळ भिंतच परत देते.

पिवळ्या ठिपक्यातला निळा प्रकाश

ज्या एलईडीवर काच किंवा दुधी झाकण नाही, तो बंद असताना जवळून पाहा. आतल्या चिपवर पिवळा ठिपका दिसेल. दिवा पांढरा, मग ठिपका पिवळा कसा?

आत बसलेली चिप मुळात निळा प्रकाश देते. गॅलियम नायट्राइडच्या कुटुंबातल्या स्फटिकात इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवरून खालच्या पातळीवर उतरतो आणि उतरताना एक प्रकाशकण सोडतो, तरंगलांबी साधारण 450 नॅनोमीटर, रंग निळा. त्यातला काही निळा प्रकाश पिवळा लेप शोषून घेतो आणि पिवळसर प्रकाश म्हणून बाहेर टाकतो. उरलेला निळा आणि हा पिवळा मिळून डोळ्याला पांढरा दिसतो.

लाल एलईडी निक होलोनियाक यांनी 1962 सालीच दाखवला होता. निळ्याने मात्र तीस वर्षं वाट पाहायला लावली. निर्दोष स्फटिक वाढवणं जमत नव्हतं, आणि बहुतेकांनी नाद सोडला होता. जपानमध्ये इसामू अकासाकी आणि हिरोशी अमानो यांनी चिकाटी धरली. त्यांच्यापासून दूर, निचिया या कंपनीत शुजी नाकामुरा स्वतंत्रपणे झटत होते, आणि 1993 साली त्यांचा लखलखीत निळा एलईडी जगापुढे आला. तिघांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढच्याच वर्षी, 5 जानेवारी 2015 रोजी, भारतात उजाला योजना सुरू झाली आणि त्या योजनेतून 36 कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले. ज्या स्फटिकाने शास्त्रज्ञांना दशकानुदशकं हुलकावणी दिली, तो आज कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो.

निळा अधिक पिवळा या जुळणीत एक कमतरता आहे, ती म्हणजे लाल रंगाची. दिवा वस्तूंचे रंग किती खरे दाखवतो हे सीआरआय या आकड्याने सांगतात, 100 पैकी. साधे बॅटन 80 च्या आसपास असतात. पण हा आकडा आठ फिक्या रंगांची सरासरी असतो. गडद लाल रंगाची चाचणी, आर 9, त्या सरासरीत धरतच नाहीत. म्हणजे सीआरआय 80 असलेला दिवा लाल रंगात सपशेल नापास होऊ शकतो. सागाच्या पॉलिशमधली लाली, गाडीच्या रंगाचा टचअप, रेझिस्टरवरचे तपकिरी, लाल आणि नारिंगी पट्टे ओळखायचे असतील तर बेंचवरच्या ओळीला तरी सीआरआय 90 चे बॅटन घ्यावेत, आणि आर 9 किती ते विचारावं.

पांढऱ्याची छटा केल्विनमध्ये सांगतात. 6500 केल्विनचा निळसर पांढरा प्रकाश आपल्याकडे सर्वांत जास्त खपतो. 3000 चा पिवळसर असतो. वर्कशॉपला मी 4000 ते 5000 सुचवीन. त्या उजेडात लाकूड लाकडासारखं आणि पोलाद पोलादासारखं दिसतं. एक मात्र पाळावं, एका शेडमध्ये वेगवेगळ्या छटांचे दिवे मिसळू नयेत. एकाच फळीची दोन टोकं दोन रंगांची दिसू लागतात.

थांबलेला लेथ

आता या विषयातली सर्वांत अद्भुत आणि सर्वांत धोक्याची गोष्ट.

आपली वीज 50 हर्ट्झची. दर सेकंदाला प्रवाह 50 वेळा पुढे आणि 50 वेळा मागे वाहतो, म्हणजे 100 वेळा शिखर गाठतो आणि 100 वेळा शून्यावर येतो. स्वस्त एलईडीच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे त्याला वीज पुरवणाऱ्या सर्किटमध्ये, हा चढउतार भरून काढणारा कपॅसिटर अपुरा असतो. मग दिवा सेकंदाला 100 वेळा उजळतो आणि मंदावतो. डोळ्याला ते दिसत नाही. लेथच्या फिरत्या चकला, म्हणजे काम पकडणाऱ्या जबड्यांच्या चकतीला, मात्र ते दिसतं, असंच म्हणावं लागेल.

लेथला चार जबड्यांचा चक लावला आहे आणि तो मिनिटाला 1500 फेरे घेतो आहे असं समजा. सेकंदाला 25 फेरे. दोन उजळण्यांमधल्या शतांश सेकंदात तो बरोबर पाव फेरा फिरतो. पाव फेऱ्यानंतर पहिल्या जबड्याच्या जागी दुसरा आलेला असतो, आणि चारही जबडे दिसायला सारखे. डोळ्याला प्रत्येक खेपेला तेच चित्र दिसतं. चक थांबलेला दिसतो! तीन जबड्यांचा चक असेल तर हेच मिनिटाला 2000 फेऱ्यांवर घडतं.

आणखी नवल पुढे आहे. चार ध्रुवांची साधी इंडक्शन मोटर 1500 वर न फिरता थोडी मागे राहून 1440 च्या आसपास फिरते. तिच्यावर थेट बसवलेलं चार पात्यांचं काहीही शतांश सेकंदात 90 अंशांऐवजी 86.4 अंश फिरतं. दर उजळणीला 3.6 अंशांची तूट. सेकंदाला 100 उजळण्या, म्हणजे 360 अंश. प्रचंड वेगाने पुढे फिरणारी वस्तू सेकंदाला एक फेरा या संथ गतीने उलटी फिरताना दिसते. ज्याला हे माहीत नाही त्याचा हात तिथे जाऊ शकतो.

जुन्या कारखान्यांत ट्यूबलाइटच्या लगतच्या ओळी थ्री-फेजच्या वेगवेगळ्या फेजवर टाकायचे. एक ओळ मंदावताना दुसरी उजळत असायची, एकीचा अंधार दुसरी भरून काढायची. आज चांगल्या ड्रायव्हरचा फ्लिकर-फ्री बॅटन घेतला की काम होतं. दुकानातच तपासता येतं. मोबाइलचा कॅमेरा स्लो मोशनवर ठेवून पेटलेल्या दिव्याकडे धरा. पडद्यावर उजेड धडधडताना दिसला तर तो दिवा मशिनवर लावू नये. दिव्यासमोर पेन्सिल भराभर हलवूनही पाहता येतं. तिचा सलग धूसर पंखा दिसला तर ठीक, सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर नाही.

आभाळात एक सूर्य

इतका वेळ सावली घालवायचा खटाटोप केला. पण सावली पूर्ण गेली तर काम अडतं. पौर्णिमेच्या चंद्रावर दुर्बिणीतून विवरं नीट दिसत नाहीत, अष्टमीच्या चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमेवर ती ठळक उठून दिसतात, कारण तिथे सूर्यप्रकाश तिरका पडतो आणि प्रत्येक उंचवटा लांब सावली टाकतो. लाकडावर रंधा मारल्यानंतर राहिलेली लाट, सँडपेपरचा ओरखडा, पुट्टीतला खळगा, हे सगळं पृष्ठभागाला जवळजवळ टेकवलेल्या तिरक्या दिव्यातच दिसतं. पॉलिशचा हात मारण्याआधी कसबी सुतार फळी उजेडाकडे तिरकी धरतो, ती याचसाठी.

म्हणून आभाळाखाली एक हलता सूर्य हवाच. वाकवता येणाऱ्या मानेचा दिवा, व्हाइसजवळ, लेथजवळ, ड्रिलजवळ. इथे केप्लरचा नियम आपल्या बाजूने उभा राहतो. छोटा दिवा 2 मीटरवरून अर्ध्या मीटरवर आणला की कामावरचा उजेड सोळापट होतो. छताकडून 500 लक्स, आणि सुई-दोऱ्याएवढ्या बारीक कामाला हजार-दोन हजार लक्स फक्त वीतभर जागेत, अशी विभागणी सर्वांत काटकसरीची आणि डोळ्यांना सर्वांत सुखाची. सभोवती अंधार आणि कामावर झोत असं मात्र करू नये. मान वर केली की डोळ्याला दर वेळी नव्याने जुळवून घ्यावं लागतं आणि तो थकतो.

वायरमनशी बोलताना

मशिन आणि दिवे कधीही एका एमसीबीवर ठेवू नयेत. करवत अडकली, एमसीबी पडला आणि त्याच क्षणी दिवेही गेले, तर अंधारात पातं अजून फिरतंच असतं. लाइट जाण्याचा धोका तर कायमचाच. चारपैकी एक ओळ इन्व्हर्टरवर घ्यावी. सात बॅटन म्हणजे 140 वॉट, साधा घरगुती इन्व्हर्टर ते सहज पेलतो.

चार ओळींना चार बटणं हवीत. नुसती गाडी लावायची असेल तर एक ओळ पुरे, लेथवर बसायचं असेल तर चारही. घराच्या दारात आणि शटरपाशी, दोन्हीकडे टू-वे स्विच. 28 ड्रायव्हर एकदम चालू झाले की पहिल्या क्षणी प्रवाहाची मोठी उसळी येते, म्हणूनही ओळी वेगळ्या असाव्यात. अर्थिंग पक्कं हवं आणि काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावं.

बॅटन तापलेल्या पत्र्याला चिकटवू नयेत. पत्र्याखालची हवा मे महिन्यात किती तापते ते सांगायला नको. ड्रायव्हरमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान 10 अंशांनी वाढलं की ढोबळमानाने निम्मं होतं. साखळीने किंवा पट्टीने फूटभर खाली टांगलं की तोच बॅटन कितीतरी जास्त वर्षं चालतो. लाकडाचा भुसा उडत असेल तर आयपी 65 चे, म्हणजे धूळ आत न शिरू देणारे, बंद बॅटन घ्यावेत आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुसावेत. थिनरचा स्प्रे मारायचा असेल तर आयपी 65 पुरत नाही. त्या वाफेला ठिणगी लागू शकते, तिथे फ्लेमप्रूफ फिटिंग आणि मोकळी हवाच हवी.

हे सगळं भिंतीला भोक पाडण्याआधी आलेखाच्या कागदावर उतरवावं. आधी बेंच आणि मशिनच्या जागा, मग माणूस कुठे उभा राहील त्या जागा, आणि सगळ्यांत शेवटी दिवे. संगणकाची सवय असेल तर डायलक्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये शेड उभी करता येते. भिंतीचा रंग बदलला की बेंचवरचे लक्स कसे बदलतात ते पडद्यावर पाहणं हा मोठा आनंद आहे.

आणि हिशेब करताना आजच्या डोळ्यांसाठी करू नये. वय वाढतं तशी बाहुली लहान होत जाते आणि डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या मुलाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. नातवाला जिथे 500 लक्स पुरतात, तिथे त्याच बेंचवर शेजारी बसलेल्या आजोबांना कितीतरी जास्त लागतात. घरचं वर्कशॉप बहुतेकदा निवृत्तीनंतरच्या मोकळ्या दिवसांसाठी मनात रचलेलं असतं. तेव्हा बेंचवरच्या ओळीशेजारी एक जादा पॉइंट आजच काढून ठेवावा आणि दिवे मंद करता येणारे घ्यावेत. आज 60 टक्क्यांवर चालवलेली ओळ वीस वर्षांनी पूर्ण उजळता येईल, आणि डोळे थकले म्हणून हातातलं कसब बाजूला ठेवावं लागणार नाही.